जिन्याच्या भिंतीवरचे गिधाड आणि पेंग्विन : उंची-खोलीच्या आकड्यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका निसर्ग-इतिहास संग्रहालयात तळघरापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा एक रुंद जिना आहे. तळमजल्याच्या फरशीपासून छतापर्यंत सुमारे १२ मीटर आणि फरशीखाली तळघरात सुमारे ३ मीटर अशी त्याची सलग भिंत बरीच वर्षे कोरी होती. पक्षी किती उंच उडतात आणि किती खोल बुडी मारतात हे या भिंतीवर मोजपट्टीच्या रूपात रंगवावे, म्हणजे जिना चढणारा माणूस आकाशात चढत जाईल आणि तळघरात उतरणारा समुद्रात उतरत जाईल, अशी कल्पना पुढे आली. तळमजल्याची फरशी ही समुद्रसपाटी मानायची होती. कल्पना सर्वांनाच आवडली आणि मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आली. संग्रहालयाची आणि संबंधित व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. निर्णय आणि त्यांमागची कारणे मात्र जशी होती तशी मांडली आहेत.

पहिला मसुदा आठवड्याभरात तयार झाला. सर्वांत वर रुपेल गिधाड, ११,२७७.६ मीटर, त्याखाली एव्हरेस्ट ओलांडणारा पट्टकादंब हा हिमालय ओलांडून स्थलांतर करणारा हंसवर्गीय पक्षी, ८,८४८ मीटर, मग ८,२०० मीटरवर हूपर हंसांचा थवा. फरशीखाली २१० मीटरवर ब्रुनिक गिलेमॉट हा उडू शकणारा समुद्रपक्षी आणि सर्वांत तळाशी ‘५६४ मीटर खोल जाऊन ३२ मिनिटे श्वास रोखणारा’ एम्परर पेंग्विन. हे सगळे आकडे कुठे ना कुठे छापलेले होते आणि त्यांपैकी बहुतेक मी एकाहून अधिक ठिकाणी पडताळले होते. वेगवेगळ्या ठिकाणी तोच आकडा आढळणे म्हणजे पडताळणी, अशी माझी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात त्या ठिकाणांनी तो एकमेकांकडूनच उचललेला असू शकतो, हे मला सुचले नाही.

प्रश्न

भिंत रंगाऱ्याच्या ताब्यात देण्याच्या तीन आठवडे आधी मसुदा आमच्या पक्षितज्ज्ञ सल्लागार बाईंकडे गेला. त्यांनी एकही आकडा खोडला नाही. प्रत्येक आकड्यापुढे फक्त एक प्रश्न लिहिला : ‘हे कोणी, कशाने मोजले?’ पाच आकड्यांपैकी एकाचेही उत्तर मला बसल्याजागी देता आले नाही.

उत्तरे शोधू लागल्यावर दिसले की हे पाच आकडे चार वेगळ्या प्रकारचे आहेत. गिधाडाचा आकडा एका अपघातातून आला आहे. २९ नोव्हेंबर १९७३ रोजी पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरावर ३७,००० फुटांवर एक प्रवासी विमान पक्ष्याला धडकले. एका इंजिनाचे नुकसान झाले, पण विमान सुखरूप उतरले. इंजिनात सापडलेली पिसे अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत गेली आणि तेथे पिसांवरून पक्षी ओळखण्याच्या कामात विख्यात असलेल्या रॉक्सी लेबॉर्न यांनी ती रुपेल गिधाडाची असल्याचे निश्चित केले. पट्टकादंबाने एव्हरेस्ट ओलांडल्याची हकीकत गिर्यारोहकांकडून आलेली आहे. हंसांचा थवा डिसेंबर १९६७ मध्ये एका वैमानिकाने पाहिला होता. गिलेमॉट आणि पेंग्विन यांचे आकडे तेवढे पक्ष्याच्या अंगावर बसवलेल्या नोंदयंत्रांनी दिले होते.

या टप्प्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि पुढचे सगळे निर्णय तिच्याभोवती फिरले. पक्ष्यांच्या खोलीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते उंचीबद्दलच्या माहितीपेक्षा कितीतरी अधिक भक्कम आहे. समुद्राच्या पोटात डोकावता येत नसल्यामुळे तेथे यंत्राशिवाय गत्यंतरच नव्हते. आकाश मात्र डोळ्यांना दिसते, त्यामुळे तेथे डोळ्यांवर विसंबण्याचा मोह दीर्घकाळ टिकला. शिवाय दोन्हीकडे बरेचदा दाबावरूनच मोजमाप होत असले तरी पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा) दाब वाढतो, आणि बुडी संपवून पक्षी पृष्ठभागावर आला की यंत्राचे शून्य पुन्हा तपासून घेता येते. हवेत असे हुकमी शून्य सतत मिळत नाही. हवेचा दाब तापमान आणि हवामान यांनुसार बदलत राहतो, म्हणून त्यावरून काढलेल्या उंचीत शेकडो मीटरची तफावत पडू शकते.

दुसरा प्रश्न भिंतीचा होता. १ किलोमीटरला १ मीटर हे प्रमाण धरले तर गिधाड फरशीपासून ११.३ मीटरवर जाते आणि पेंग्विन फरशीखाली जेमतेम ५६ सेंटिमीटरवर थांबतो. गिलेमॉटला २१ सेंटिमीटर मिळतात. हवेतून सूर मारणाऱ्या गॅनेट पक्ष्याच्या २० मीटरच्या बुडीला तर २ सेंटिमीटर, म्हणजे रंगाऱ्याच्या कुंचल्याच्या रुंदीएवढीच जागा. तळघराची जवळजवळ सगळी भिंत रिकामी राहणार होती.

समोर असलेले पर्याय

गिधाडाबाबत तीन मार्ग होते. एकमेव नोंद म्हणून ते वगळावे. सर्वांत वर बिनशर्त ठेवावे. किंवा ठेवावे, पण वेगळ्या रीतीने. वगळण्याच्या बाजूने माझे म्हणणे असे होते की एका पक्ष्याचा मृत्यू म्हणजे त्या जातीची क्षमता नव्हे. वर चढणाऱ्या हवेच्या जोरदार झोताने ते गिधाड तेथवर ओढले गेले असेल आणि त्या क्षणी ते कोणत्या अवस्थेत होते हे सांगायला कोणी नाही. सल्लागार बाईंनी याला ठाम विरोध केला. “जात पिसांवरून पक्की आहे आणि उंची विमानाच्या उपकरणावरून मिळालेली आहे. इतर अनेक आकड्यांच्या मानाने हा पुरावा उजवाच आहे. फक्त त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, एवढे लिहा,” असे त्या म्हणाल्या. मला ते पटले.

दशांश चिन्हाचा मुद्दा मात्र वाद न होता सुटला. ३७,००० फूट हाच मुळात उड्डाणपातळीचा गोल आकडा आहे. विमानाचा उंचीमापक प्रमाणित दाब धरून चालतो आणि उष्ण कटिबंधातील गरम, फुगलेल्या हवेत प्रत्यक्ष उंची त्याहून काहीशे मीटर अधिक असू शकते. अशा आकड्याचे मीटरमध्ये रूपांतर करून त्यापुढे ‘.६’ लिहिले की मूळ मोजणीत नसलेला काटेकोरपणा वाचकाच्या माथी मारला जातो. ‘सुमारे ११,३०० मीटर’ एवढेच लिहायचे ठरले.

पट्टकादंबाबाबत हकीकत ठेवायची की मोजमाप, असा पेच होता, आणि खरे तर तो पेच असायलाच नको होता. या पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवून केलेले संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सर्वाधिक नोंद ७,२९० मीटरची होती आणि हे पक्षी सहसा ६,३०० मीटरच्या वर जात नाहीत, शिखरांवरून न जाता खिंडींतून जातात, असे दिसले. हृदयाचे ठोके आणि पंखांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रांवर आधारलेल्या २०१५ च्या अभ्यासाने याचे कारणही दाखवले. विरळ हवेत पंखांची गती किंचित वाढवली तरी हृदयावरचा भार झपाट्याने वाढतो, म्हणून हे पक्षी जमिनीच्या चढउतारांबरोबर स्वतःही खालीवर होत उडतात. एकदा कमावलेली उंची पुढच्या दरीत सोडून देणे आणि नंतर पुन्हा चढणे त्यांना स्वस्त पडते. मला हे एव्हरेस्टच्या हकीकतीहून कितीतरी विलक्षण वाटते. तरीही ती हकीकत काढताना आमच्यापैकी काहींना हळहळ वाटली, कारण प्रेक्षकांना तीच ओळखीची होती.

यातून आणखी एक गल्लत उघड झाली. आम्ही सर्व उंची समुद्रसपाटीपासून दाखवत होतो. पण ५,००० मीटर उंचीच्या पठारावर जमिनीला धरून उडणारा पक्षी आणि समुद्रावर ५,००० मीटर उंच गेलेला पक्षी यांच्यासाठी हवा सारखीच विरळ असली, तरी तेथे पोहोचण्याचे श्रम सारखे नसतात. खोलीच्या बाजूला हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण प्रत्येक बुडी पृष्ठभागापासूनच सुरू होते.

हंसांच्या थव्याबाबत चर्चा फार लांबली नाही. त्या एकाच निरीक्षणाबद्दल पुढे जाणकारांनी शंका घेतल्या आहेत आणि उपग्रहाने माग काढलेले हूपर हंस त्याहून पुष्कळ खालून उडताना आढळले आहेत. त्याऐवजी दुसरा पक्षी घ्यावा असे ठरले.

प्रमाणाच्या प्रश्नावर मात्र तीन बैठका झाल्या. वर आणि खाली एकच प्रमाण ठेवणे हा पहिला पर्याय. खालच्या बाजूचे प्रमाण पाचपट मोठे करणे, म्हणजे १ मीटरमध्ये २०० मीटर बसवणे, हा दुसरा. त्यात पेंग्विन २.८ मीटर खाली जाऊन तळघराची भिंत भरून काढतो. तिसरा पर्याय सल्लागार बाईंनी सुचवला : मीटर सोडून द्यावेत आणि दाब दाखवावा. ११,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक-पंचमांश उरतो, म्हणजे जमिनीपासून तेथवर जाताना गिधाडाच्या भोवतीचा दाब सुमारे ०.८ वातावरणाने बदलतो. ५६४ मीटर खाली जाताना पेंग्विनभोवतीचा दाब सुमारे ५६ वातावरणांनी वाढतो. मीटरमध्ये गिधाड पेंग्विनच्या वीसपट पुढे आहे. दाबाच्या हिशेबात पेंग्विन गिधाडाच्या सत्तरपट पुढे जातो.

हा पर्याय ऐकून आम्ही थक्क झालो आणि तरीही तो बाजूला ठेवला. दाब हे परिमाण शाळकरी मुलांना कळणार नाही, असे मांडणीकाराचे म्हणणे होते. माझी शंका वेगळी होती. उंचावरच्या पक्ष्याला दाबाचा बदल चिरडत नाही. त्याची अडचण अशी की प्राणवायू कमी मिळतो आणि हवेची घनता तीन-दशांशाच्या आसपास आल्यामुळे पंखांखाली रेटायला पुरेसे काही उरत नाही. पेंग्विनची अडचण दाब ही आहे आणि श्वास रोखून धरणे हीही आहे. दोघांना एकाच दाबाच्या काट्यावर तोलणे हेदेखील पुरते न्यायाचे नव्हते. ही शंका आजही मला रास्त वाटते. ती पर्याय नाकारण्याचे कारण मात्र व्हायला नको होती.

केलेली कामे

पक्ष्यांची चित्रे दोन प्रकारे काढायची ठरली. ज्यांची नोंद अंगावरच्या यंत्राने झाली आहे ते पक्षी रंगाने भरलेले आणि ज्यांची नोंद अन्य मार्गाने झाली आहे ते फक्त बाह्यरेषेत. त्यामुळे सर्वांत वरचे रुपेल गिधाड पोकळ रेषेत आले आणि त्याखाली ‘विमानाशी टक्कर, १९७३, पिसांवरून ओळख’ एवढी ओळ आली. हंसांच्या जागेजवळ ग्रेट स्नाइप हा मध्यम आकाराचा पाणथळीतला पक्षी भरीव रंगात आला. स्वीडनमधून आफ्रिकेत जाणाऱ्या या पक्ष्यांच्या अंगावरच्या नोंदयंत्रांनी रात्री सुमारे २,००० मीटर आणि दिवसा सुमारे ४,००० मीटर अशी सर्वसाधारण उंची दाखवली आणि सर्वाधिक नोंद ८,७०० मीटरची केली. हे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवस उजाडताच पक्षी वर का चढतात, तर बहुधा उन्हाने तापलेले अंग थंड ठेवण्यासाठी, असे संशोधकांना वाटते. पट्टकादंब ७,२९० मीटरवर आला आणि त्याच्यामागे पर्वताची तपकिरी कड रंगवली, म्हणजे जमीन त्याच्या किती जवळ आहे ते दिसावे.

पेंग्विनच्या ओळीतील चूक सर्वांत गंभीर होती आणि ती निस्तरायला सर्वांत कमी वेळ लागला. ५६४ मीटरची खोली २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील आहे. त्या अभ्यासातील सर्वांत लांबलेली बुडी २१.८ मिनिटांची होती. ३२.२ मिनिटांची बुडी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेगळ्या अभ्यासातील, वेगळ्या पेंग्विनची आहे. मी दोन पक्ष्यांचे विक्रम जोडून कधीच अस्तित्वात नसलेला तिसरा पक्षी निर्माण केला होता. खोली आणि वेळ आता दोन स्वतंत्र ओळींत, आपापल्या वर्षांसह दिली.

गिलेमॉटच्या बाबतीत आकडा बरोबर निघाला, पण तो बरोबर का आहे हे शोधताना हाती आलेली माहिती अशी होती की तिच्यासाठी आम्ही एक वेगळा फलक केला. समुद्रपक्ष्यांच्या खोलीचे जुने अंदाज बरेचदा मासेमारीच्या जाळ्यांवरून बांधलेले असत. जाळे १८० मीटरवर लावले होते आणि त्यात पक्षी मेलेला सापडला, म्हणून तो १८० मीटर गेला असावा. पण जाळे सोडताना किंवा वर ओढताना तो अडकला नसेल कशावरून, ही शंका राहतेच. त्यानंतर एक साधे, हुशार साधन आले. एका टोकाला बंद असलेली बारीक नळी आतून पाण्यात विरघळणाऱ्या भुकटीने माखायची आणि पक्ष्याला बांधायची. खोल जाताना आतली हवा दबते, पाणी आत शिरते आणि भुकटी जेथवर धुऊन निघाली त्या खुणेवरून सर्वाधिक खोली काढता येते. उथळ पाण्यात हे उत्तम चालते. २०० मीटरवर मात्र हवेचा स्तंभ मूळ लांबीच्या एकविसाव्या भागाइतका उरतो; १० सेंटिमीटरच्या नळीत पाच मिलिमीटरहून कमी. तेथे खूण वाचताना एका मिलिमीटरची चूक झाली तर खोलीत ३५ ते ५५ मीटरचा फरक पडतो. शिवाय एकामागून एक बुड्या मारल्या तर खूण वर सरकत जाऊन खोली प्रत्यक्षाहून जास्त दिसते. गिलेमॉटचा २१० मीटरचा आकडा या दोन्ही मार्गांनी आलेला नाही. तो कॅनडातील कोट्स बेटावरच्या पक्ष्यांच्या अंगावर लावलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी टिपला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे किलोभर वजनाचा, उडणारा पक्षी पंखांनीच पाणी कापत २१० मीटर खाली जातो, हे नीट मोजलेले सत्य आहे. त्याची किंमतही तो मोजतो : या पक्ष्याला हवेत उडताना विश्रांतीच्या तुलनेत सुमारे ३१ पट ऊर्जा लागते, असे २०१३ च्या अभ्यासात आढळले. पाण्यासाठी घडलेले आखूड पंख हवेत महाग पडतात. पेंग्विनांनी उडणे का सोडले असावे, याचा एक धागा तेथे सापडतो.

प्रमाणाबाबत आम्ही दुसरा पर्याय निवडला. खालचे प्रमाण पाचपट केले आणि फरशीच्या पातळीवर ‘येथून खाली प्रमाण बदलते’ अशी ठळक पट्टी रंगवली.

परिणाम

भिंत लोकांना आवडली. पोकळ आणि भरीव चित्रांचा भेद आम्ही अपेक्षिला नव्हता इतका चटकन समजला. ‘हे गिधाड रिकामे का?’ हा प्रश्न मार्गदर्शकांना रोज ऐकावा लागे आणि त्या प्रश्नावरून पक्ष्यांची उंची मोजतात कशी, ही गोष्ट आपोआप सुरू होई.

खालच्या बाजूला मात्र आम्ही सपशेल चुकलो होतो. काही आठवड्यांनी एका मार्गदर्शक ताईंनी येऊन सांगितले की तळघरात मुलांना पेंग्विन किती खोल जातो असे विचारले, तर अनेक जण ‘जवळजवळ तीन किलोमीटर’ असे उत्तर देतात. मुलांचा हिशेब अचूक होता. वर एक मीटरला एक किलोमीटर हे त्यांनी जिन्यावर शिकलेले होते आणि तेच माप ती खाली लावत होती. प्रमाण बदलल्याची पट्टी फरशीच्या पातळीवर होती आणि जिना उतरणाऱ्या माणसाची नजर तेथे पायऱ्यांवर असते. आम्ही आकडे दुरुस्त करण्यात इतके गुंतलो होतो की चित्र स्वतःच एक आकडा सांगत असते, याकडे आमचे दुर्लक्ष झाले.

पट्टी मोठी करावी असे मांडणीकाराने सुचवले, पण सूचना वाचल्याशिवाय खरे न ठरणारे चित्र नको, यावर शेवटी सर्वांचे एकमत झाले. तळघरातील पक्षी पुसून वरच्याच प्रमाणात पुन्हा काढले. पेंग्विन फरशीखाली ५६ सेंटिमीटरवर आला. उरलेल्या भिंतीवर सल्लागार बाईंचा बाजूला ठेवलेला पर्याय आला : दाबाचा वेगळा स्तंभ, एका वातावरणाला ५ सेंटिमीटर. त्यात पेंग्विन २.८ मीटर खाली जातो आणि गिधाडाचे अख्खे आकाश फरशीवरच्या ४ सेंटिमीटरमध्ये मावते. दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी आहेत. दाब मुलांना कळणार नाही ही भीती खोटी ठरली. पोहताना तळाशी गेल्यावर कान दुखतात, एवढा अनुभव त्यांना पुरतो.

पुन्हा करायचे झाल्यास

‘कोणी, कशाने मोजले’ हा रकाना मी मसुद्याच्या पहिल्या दिवशी आखेन आणि तो भरल्याशिवाय आकड्याचा रकाना भरणार नाही. मसुदा सल्लागारांकडे तीन आठवडे नव्हे, तीन महिने आधी पाठवेन. घाईमुळेच प्रमाणाचा निर्णय कागदावर झाला. खडूने भिंतीवर रेघा ओढून चार मुलांना जिना उतरायला लावले असते तर चूक तासाभरात कळली असती आणि भिंत दोनदा रंगवावी लागली नसती.

एक उणीव अजूनही आहे. भिंतीवर बहुतेक विक्रमच दिसतात, पक्ष्याचे रोजचे जगणे दिसत नाही. एम्परर पेंग्विनच्या बहुसंख्य बुड्या २०० मीटरच्या आत असतात आणि पट्टकादंबाचा बहुतेक प्रवास त्याच्या ७,२९० मीटरच्या नोंदीच्या बराच खाली होतो. प्रत्येक पक्ष्यामागे त्याच्या नेहमीच्या वावराची फिकट पट्टी रंगवावी असे मी सुचवले आहे. स्नाइप आणि पेंग्विन यांच्यासाठी ती शक्य आहे, गिधाडासाठी पुरेशी माहिती गोळा करणे चालू आहे.

दुसऱ्या रंगकामाच्या वेळी आकडे थेट भिंतीवर न लिहिता स्क्रूने बसवलेल्या छोट्या पट्ट्यांवर लिहिले. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात मोजमाप प्रसिद्ध झाल्याचे वर्ष आहे आणि वरच्या मजल्यावरच्या पट्ट्या शिडीशिवाय, कठड्यावरून हात पुढे करून काढता येतील अशा बेताने लावल्या आहेत.